डावखुऱ्या नायकाचे साक्षीदार

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मागाहून मला दोष नको! तोंडघशी मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी पडलो, पण चांदा जिल्ह्यात पडलो तसा कुठेच नाही. तेही एका सिनेमापायी!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नाशकाकडचा, पंचविशीतला, नवाकोरा कारकून. आणि नेमणूक कुठे? आलापल्लीच्या वाटेवरच्या एका गावात, सागवानाच्या डेपोवर. गाव म्हणजे एक तलाव, थोडी घरं, बसथांबा आणि सदूभाऊंचं चहाचं हॉटेल. बाकी चहूकडे जंगल. दिवसभर लाकडं मोजायची, संध्याकाळी भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. बोलायला माणूस नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण मी लाकडांशी बोलायला लागलो होतो. एक बरं, सागवान उलट उत्तर देत नाही.

माणसं वाईट होती असं नाही हो! उलट मान फार द्यायची, आणि तिथेच घोळ होता. हॉटेलात सगळे एका बाकावर दाटीवाटीनं बसलेले, हसणं-खिदळणं चाललेलं. मी दिसलो की चिडीचूप! सदूभाऊ खांद्यावरच्या पंच्यानं एक स्टूल पुसायचे. "या बाबू, बसा." मला स्टूल, त्यांना बाक. मला कपबशी, त्यांना पेले. मी चहा पिऊन रस्त्याला लागलो की मागे पुन्हा हसणं सुरू. त्या बाकावर कधीतरी बूड टेकायला मिळावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती. घरची माणसं सोडून कधी एकटे राहिला असाल, तर तुम्हाला कळेल.

अशात थंडीत गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. मला सणसणीत सर्दी, खोकला, आवाज पार बसलेला. पण घरी बसून तरी कुणाशी बोलणार होतो? डोक्यावरून काळं कांबळं घेतलं, नाक तेवढं बाहेर ठेवलं आणि निघालो. पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. दारावरचा माणूसही पडद्याला डोळे लावून उभा. कनातीला जी पहिली फट दिसली तिच्यातून आत शिरलो आणि अंधारात मोकळी जागा बघून फतकल मारली.

बसल्यावर लक्षात आलं, शेजारी एक बाई आहे. पलीकडेही बाईच. मनात म्हटलं, वा! काय सुधारलेला मुलूख! आमच्याकडे कीर्तनालासुद्धा बायका एका अंगाला आणि पुरुष एका अंगाला, आणि इथे जंगलात पाहा!

थोड्या वेळानं शेजारची बाई माझ्याकडे वळली.

"जरा लेकराले धरता काय? मोठा पोट्टा बाहेर चाल म्हणून राह्यला."

आवाज तर नव्हताच. मी मान डोलावली. एक गरम गाठोडं माझ्या मांडीवर आलं. ती परत आली तोवर पोर गाढ झोपलं होतं. "झोपलं काय? राहू द्या मंग," म्हणाली आणि सिनेमा बघायला लागली. परक्या माणसाच्या मांडीवर पोटचा गोळा ठेवून! पोर दचकेल म्हणून मी खोकला गिळत होतो. त्यानं धोतर ओलं केलं तरी हललो नाही. त्या गावात आल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता हो, आणि हे पोर माझं बोट मुठीत धरून झोपलं होतं.

शेवटी बाईनं पोर उचललं. माझे डोळे भरून आले होते. डेपोच्या कारकुनाला कुणी रडताना बघू नये, म्हणून दिवे लागायच्या आत मी सटकलो.

पुढे दोन-चार दिवसांनी आवाज सुटला, तसं हॉटेल गाठलं. बाकावर सिनेमाचीच चर्चा. धानाची शेती करणारे मारोतीभाऊ हातवारे करून सांगत होते.

"त्या टांगेवाल्यानं चाबूक काय हाणला बे! असा, उजव्या हातानं!"

"डाव्या हातानं," मी स्टुलावरून बोललो.

अख्खा बाक माझ्याकडे वळला.

"बाबू, तुमी सनिमा पायला?"

"पाहिला म्हणजे? अगदी पडद्याजवळ बसून!"

"मंग तिथी काऊन बसले? इकडं या नं!"

आणि बाक सरकला! माझ्यासाठी! तलावात मासे धरणारा गोविंदा आणि मारोतीभाऊ यांच्यामध्ये माझ्यापुरती जागा झाली. सदूभाऊंनी पेल्यात चहा दिला. आता सांगा, एवढं मिळाल्यावर 'माझंच चुकलं असेल' असं कोण म्हणेल?

"तो टांगेवाला नायक डावखुराच होता," मी ठासून सांगितलं. "जेवत होता तोही डाव्या हातानं. मला तर बाई... मला तर शिसारीच आली!"

"नाई बाबू. उजव्याच हातानं."

"बरं, ती दवाखान्याची पाटी आठवते? बंगालीत होती!"

"बंगाली?" मारोतीभाऊ चक्रावले. "मले वाचता येते नं. सरळ 'दवाखाना' लिहून होतं."

"वर रेघ होती, पण अक्षरं बंगाली. हे सगळं मुळात बंगालमध्येच घडतं!"

हो, एवढंही बोलून गेलो. जीभ एकदा सैल सुटली की तिला कोण आवरणार?

गोविंदा डोकं खाजवत म्हणाला, "पण बाबू म्हणते ते आमची रुखमा बी म्हणून राह्यली. टांगेवाला डावखुरा हाये म्हणे. मी म्हटलं, तुले काय समजते!"

"आमच्या घरची बी तसंच म्हणते," मारोतीभाऊ म्हणाले.

मग काय, माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी बाकावरून उठून उभाच राहिलो.

"ऐका! गावातल्या सगळ्या बाया खोट्या आणि तुम्ही तेवढे खरे? बोलवा त्यांना! त्या माझ्या साक्षीदार! त्यांनी जे पाहिलं, तेच मी पाहिलं!"

सदूभाऊ चहा गाळत होते. त्यांचा हात थांबला.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "तंबूत पडदा मधात असते. माणसं इकडून पायते, बायका मांगून. मांगून पायलं का समदं उलटं दिसते. उजव्याचं डावं. पाटी बी उलटी."

मग त्यांनीच विचारलं,

"तुमी कुठी बसले होते?"

धरणीमाता आलापल्लीकडे दुभंगत नसावी, नाहीतर मी त्याच क्षणी पोटात गेलो असतो. सुधारलेला मुलूख! कसला सुधारलेला? मी बायकांत जाऊन बसलो होतो!

पण थांबा, एवढ्यावर भागलं नाही. गोविंदा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"बाबू, तुमच्यापाशी काळं कांबळं हाये काय?"

"आहे," मी म्हणालो आणि नेमका खोकलो.

"अरे देवा!" गोविंदानं कपाळावर हात मारला. "आमच्या घरची त्या दिवसापासून एका बुढीले शोधून राह्यली! बुढी म्हणे एकटीच आली होती, खोकलून राह्यली होती, तरी सनिमाभर लेकरू धरलं. बिचारीचं कोनी दिसत नाई, तिले शोधून जेवाले बलाव म्हणे!"

बाक हसून हसून उलटायचा बाकी राहिला. सदूभाऊंनी चहा चुलीत ओतला. मी मात्र गुपचूप उठलो आणि स्टुलाकडे निघालो. म्हटलं, आपली जागा हीच. तेवढ्यात गोविंदानं मनगट धरलं.

"कुठी चालले? बुढीले जेवाले बलावलं हाये. आज तलावातले मासे हाये."

जेवलो. रुखमाबाईंनी दारात मला पाहिलं, सगळं ऐकलं, तोंडात पदर कोंबून आत पळाल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पण वाढलं मात्र पोटभर. बघा ना, धडधाकट पुरुष म्हणून राहत होतो तोवर 'जेवलास का' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. एक संध्याकाळ म्हातारी झालो, आणि ताट वाढून आलं!

पुढच्या थंडीत तंबू पुन्हा आला. या खेपेला मंडळींनी मला दंडाला धरून पुरुषांच्या बाजूला नेलं, मधोमध बसवलं. सिनेमा सरळ दिसला. नायक उजव्या हातानं जेवला, पाट्या वाचता आल्या. पण काय सांगू, मांडी रिकामी होती, आणि मन काही रमेना.

एवढ्यात पडद्यापलीकडून पोर रडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रुखमाबाईंची हाक, सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशी:

"अजी, आमच्या बुढीले पाठवा नं इकडं! लेकरू झोपत नाई!"

तंबू हसतोय तो हसतोय! आणि मी? कांबळं डोक्यावरून घेऊन उठलोसुद्धा होतो. सदूभाऊंनी धोतर धरून खाली बसवलं.