पारूमावशीचं गिऱ्हाईक

"ठिव ते खाली. तुज्यासाठी न्हाईत."

नेकनूरच्या बाजारात पारूमावशी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी नुकतीच तिथल्या पोस्टात बदलून आले होते. मला पाचवा महिना सरत आला होता, आणि तिच्या पोत्यावरचा टमाट्यांचा लालभडक ढीग पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी दोन-चार उचलले, तर बाईनं ते माझ्या हातातून सरळ काढून घेतले. मला रागच आला. पदरचे पैसे देऊन वर हे ऐकून का घ्यायचं? तेवढ्यात तिनं मांडीखालून फडक्याचं एक गाठोडं ओढलं. आत वेडेवाकडे, हिरवट, मधूनच भोकं पडलेले टमाटे. "हे घे. घरी खायाला लावल्याल्या वळीचे हायेत. ह्यांच्यावर औषध मारलेलं न्हाई."

"मग तो ढीग बाकीच्यांना कसा विकता?"

"त्येंला पचतंय," ती म्हणाली. "पोटातल्याला कसं पचंल गं?"

पारूमावशी गिऱ्हाईक पारखून माल द्यायची. आधी बाईच्या पोटाकडं बघायची, मग कडेवर कुणी आहे का ते, आणि तरीही शंका राहिली तर विचारायची, "घरात लहान लेकरू हाय का?" हो म्हटलं की गाठोडं सुटायचं. नाही म्हटलं की ढीग. मिशीवाले गडी, पोलीस, कचेरीतले बाबू यांच्यासाठी ढीगच. शेजारच्या बायका कावायच्या. "ही बया समद्यांचंच गिऱ्हाईक बिथरवती," म्हणायच्या. मावशीच्या कानावर ते जायचं, पण तिथंच राहायचं.

मला मात्र ते खुपायचं. ओळख वाढल्यावर एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, की मावशी, माहीत असून विकणं हे बरं नाही. ती चिडली नाही. आपले दोन्ही तळहात तिनं माझ्यापुढं धरले. कातडी सोलवटलेली, बोटांच्या पेरांत चिरा. "मालाचा तोडा करून आले की सांच्याला भाकर कडू लागती. कावून लागती, ते मला कळत न्हाई व्हय? पन नुसत्या किडक्या मालावर घर चालत न्हाई, बाई." नवरा लवकर गेलेला, एकुलता एक दत्ता तिनं याच वाफ्यांवर वाढवलेला. ती मला आवडायची, आणि तिचं हे वागणं पटायचं नाही. दोन्ही खरं होतं.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरी उघड्या पडल्या. निम्मं गाव दिवाळीआधीच ऊसतोडीला गेलं. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं, त्या शेतकऱ्यांनी मिळून भाजीपाल्याची सोसायटी काढली. दत्ता त्यात पुढं होता. संध्याकाळी टेम्पो यायचा, प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरलेला माल रातोरात मोठ्या शहरात जायचा. दर चांगला मिळायचा, पण एका फळाला कीड दिसली तर अख्खं कॅरेट परत. त्यामुळं आठवड्यानं होणारा फवारा एक दिवसाआड होऊ लागला. दुकानदार सांगेल ती दोन-दोन औषधं पंपात एकत्र होऊ लागली. सकाळी फवारा, दुपारी तोडा.

मावशीचा बाजार सुटला. आता गिऱ्हाईकाचं तोंडच दिसेना. टेम्पोवाल्याला तिनं विचारलं, "हे खानार कोन रे?" तो म्हणाला, "मला काय म्हाईत मावशे? मी गाडी चालवतो." ती त्याच्याशी भांडली. कॅरेटं दवाखान्यात जातात की शाळेत, कुण्या बाळंतिणीच्या घरी जातात, हे त्यानं विचारून यावं, असा तिचा हट्ट. पोरं हसली.

शेवटी ती सोसायटीच्या मीटिंगला जाऊन उभी राहिली. फवारा आणि तोडा यांच्यात चार दिवस तरी जाऊ द्या, एवढंच तिचं मागणं होतं. चेअरमन माणूस भला होता. तो म्हणाला, "चार दिवसांत अळी आत शिरती, पारूबाई. परत आलेला माल तुमी खाताव का?"

"खाईन की! किडका टमाटा खाऊन मेलेलं मानूस मी तर बगितलं न्हाई."

सगळे पोट धरून हसले. दत्ता तेवढा खाली बघत होता. बदल काही झाला नाही.

एव्हाना माझी बीडला बदली झाली होती, पण मावशी एसटीनं येऊन भेटून जायची. एकदा आली ती खुलूनच. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नसलेली सून, सुरेखा, तिला दिवस गेले होते. तिला सारखे मिठाला लावून कच्चे टमाटे खावेसे वाटत. घरची वळ तर पाण्यावाचून केव्हाच वाळून गेलेली. विहिरीत होतं ते पाणी सोसायटीच्या मालाला. मग मावशीनं न्हाणीमागं चार रोपं लावली. टँकरच्या पाण्यातला आपल्या वाटणीचा हंडा ती त्यांना घालायची. स्वतः अंग पुसून भागवायची. सकाळी उठून एकेक अळी हातानं वेचायची. "नातवासाठी राखन करते," म्हणाली. मी तिला इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

सुरेखाला सातवा लागला तेव्हा मावशी धारूरला बहिणीच्या घरी मयतीला गेली होती. परत आली, तर रोपं कशी लख्ख. एक अळी नाही. तिला वाटलं, आपल्या हाताला यश आलं. पिकलेले टमाटे तोडून तिनं सुनेला दिले. सुरेखानं ते तिथंच मीठ लावून खाल्ले. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय थरथरू लागले.

निरोप मिळताच मी दवाखान्यात धावले. सुरेखा वाचली. बाळ वाचलं नाही. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर खाटेशी येऊन विचारत होते, की काय खाल्लं होतं, त्यावर फवारलं कुणी? दत्ता भिंतीला टेकून उभा होता. मावशी म्हणाली, "मी मारलं औषध. अळ्या झालत्या."

माझा कानांवर विश्वास बसेना. सुरेखानं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर मावशी बरीच वर्षं जगली. सुरेखाला पुन्हा दिवस राहिले नाहीत. एका घरात राहून ती सासूशी शब्द बोलली नाही, तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. मावशी वेगळ्या चुलीवर भाकरी टाकायची. मी विषय काढला की म्हणायची, "तिचं बरुबर हाय." दुसरं काही नाही.

तापाचं निमित्त होऊन ती गेली. दहाव्याला मी गेले. अंगणात संध्याकाळच्या टेम्पोसाठी कॅरेटं रचून ठेवली होती. लोक पांगल्यावर दत्ता माझ्याजवळ येऊन बसला आणि जमिनीकडं बघत बोलू लागला. मावशी धारूरला असताना रोपांचे शेंडे त्याला अळीनं खाल्लेले दिसले. आई आल्यावर खूश होईल म्हणून पंपात उरलेलं औषध त्यानंच मारलं होतं. सांगायचं राहून गेलं. दवाखान्याच्या वाटेवर त्यानं ते आईला सांगितलं, तर तिनं त्याचं मनगट धरलं. "गप ऱ्हा. तिला तुज्यासंगं जल्म काढायचाय. माजं काय ऱ्हायलंय आता?"

मला त्याचा इतका संताप आला की हात उगारावासा वाटला. मी म्हटलं, "आत जा आणि आत्ताच्या आत्ता तिला सांग."

"आता सांगून काय व्हनार, बाई? आई तर गेली."

तेवढ्यात सुरेखा चहा घेऊन बाहेर आली. कप आमच्या हातात देऊन ती माझ्याशेजारी टेकली. डोळे रडून सुजलेले होते. "आत्या मानूस लई चांगलं व्हतं, बाई," ती म्हणाली. "पन तेवढं एक मी त्येंला कदी माफ केलं न्हाई. करनार बी न्हाई."

मी दत्ताकडं पाहिलं. तो चहा पीत होता.