कुकरच्या शिट्टीला बोट वर करणारे निकमभाऊ

ये गं पूर्वा, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव. मघापासून बघतेय, एक गाणं लागतं आणि त्याची चव कळायच्या आत तू पुढचं लावतेस. पाणीपुरी खातेयस का? मी आत्या आहे म्हणून गप्प बसले. निकमभाऊंसमोर असं केलं असतंस, तर ते चहा अर्धा टाकून उठले असते. आणि जाताना तुझ्या नाही, माझ्या वळणाबद्दल बोलले असते.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. सातपूरला आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काढली आणि रिटायर होऊन घरी बसले होते. एका दुपारी मी माझी लाडकी लावण्यांची कॅसेट मोठ्याने लावून लसूण सोलत होते, तर दारात हा उंच माणूस उभा. शर्टाची इस्त्री अशी की भाजी चिरावी. मला वाटलं, आली तक्रार. मी टेपकडे हात नेला.

"जय भीम, ताई. आवाज राहू द्या," ते म्हणाले. "मी विचारायला आलोय. तिसरं गाणं पळवलंत का तुम्ही?"

"रडकं आहे ते."

"मग रडायचं. त्या बाईने जीव काढून ठेवलाय त्यात, आणि तुम्हाला लसणाची घाई."

अनोळखी माणूस, माझ्याच उंबऱ्यात मलाच झापतोय. पण मी मुकाट्याने कॅसेट मागे फिरवली. भाऊंनी दारातच डोळे मिटून ते गाणं पुरतं ऐकलं, "आता ठीक," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःची कॅसेट घेऊन हजर. आमची रविवारची बैठक अशी सुरू झाली.

बैठक म्हणजे काय, जेवणं उरकली की माझ्या बाहेरच्या खोलीत चार माणसं. मी, निकमभाऊ, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले पगारेसर, आणि शेजारची शैला, जी घरी मसाले करून विकायची आणि अंगाला कायम गोडा मसाला मारल्यासारखी यायची. दर रविवारी एकाने आपला आवडता अल्बम आणायचा. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही. आणि संपल्यावर, हा निकमभाऊंचा कायदा, ज्याने आणला त्याने आधी त्याला नावं ठेवायची. कौतुक नंतर.

"आवडत्या अल्बममधली खोट दिसली नाही," भाऊ म्हणायचे, "तर तुम्ही तो ऐकलेला नाही. नुसती पूजा केलीय."

पगारेसरांना हे फार जड गेलं. त्यांनी गझलांचा अल्बम आणला होता, तोही रुमालात गुंडाळून. संपला, आणि सर नुसते डोळे पुसत बसले. भाऊ म्हणाले, "सर, शिव्या."

"काय बोलू? परिपूर्ण आहे."

"परिपूर्ण काही नसतं. तुमच्या मिशासुद्धा डावीकडे कमी आहेत."

सरांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "तबलेवाला जरा... जेवून बसल्यासारखा वाटतो."

"आता आलात माणसात," भाऊ म्हणाले. त्या दिवसानंतर सर असे सुटले, की आवरावं लागायचं.

भाऊंना राग आला की ते सटाण्याच्या बोलीत शिरायचे. शैलाने एकदा लग्नात वाजणाऱ्या नव्या गाण्यांचा अल्बम आणला. पहिलंच गाणं संपलं आणि कायदा मोडून भाऊ बोलले, "हाई गानं शे का जाहिरात?" शैला म्हणाली, "जाहिरात तर जाहिरात. नाचता येतं ना? तुमच्या कॅसेटवर मेलेलासुद्धा उठून बसत नाही." भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना उलट बोललेलं फार आवडायचं. हो ला हो करणारा माणूस त्यांना बेसूर वाटायचा.

त्यांची स्वतःची सगळ्यात लाडकी होती एक भीमगीतांची कॅसेट. कुठल्या तरी गावच्या गायनपार्टीने गायलेली, आणि कुणाच्या तरी घरातल्या खोलीत भरलेली. चौथ्या गाण्यात, कडवं अगदी टिपेला गेलेलं असताना, मागे कुकरची शिट्टी होते. खरंच. गायक थांबत नाही, ढोलकीवाला थांबत नाही, कुकर पण थांबत नाही. ती शिट्टी यायच्या जरा आधी भाऊ डोळे मिटून उजव्या हाताचं बोट वर करायचे, आणि बरोब्बर शिट्टी. आम्ही दर वेळी हसायचो.

"रेकॉर्डिंगवाल्याच्या बायकोने वरण लावलं असणार," भाऊ म्हणायचे. "तिला कोण सांगणार थांब म्हणून? ही शिट्टी नसती ना, तर गाणं नुसतं चांगलं झालं असतं."

पुढे ती कॅसेट अडकायला लागली. शैलाने ती नेऊन गाणी फोनमध्ये भरून आणली आणि एका रविवारी छोट्या स्पीकरवर लावली. भाऊंची कॅसेट, म्हणून भाऊ ऐटीत बसले होते. आता तुला ठाऊक आहे, कॅसेटवाल्या माणसाच्या डोक्यात गाण्यांचा क्रम पक्का असतो. एक संपत असतानाच पुढचं गाणं ओठांवर येतं. फोनला कुठला क्रम? त्याने गाणी नावांप्रमाणे, अ पासून लावली होती. आम्हाला पहिल्याच गाण्याला कळलं, पण मध्ये बोलायचं नाही हा कायदा.

चौथं गाणं लागलं. ते भलतंच होतं, कॅसेटच्या शेवटचं, धावतं. भाऊ मात्र मांडीवर संथ ठेका धरून बसलेले. आणि मध्येच त्यांचं बोट वर गेलं.

शिट्टी आली नाही. कशी येणार? कुणी हसलं नाही. भाऊंनी डोळे उघडले, आमचे चेहरे बघितले. "काय झालं? शिट्टी ऐकली नाहीत? कान तपासून घ्या सगळ्यांनी."

शैलाने फोन बंद केला. भाऊंना तेही कळलं नाही. मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमच्या शर्टावर चहा सांडलाय." त्या इस्त्रीच्या शर्टावर डाग म्हणजे त्यांना जीव गेल्यासारखं. ते हलले नाहीत.

मग मी समोर येऊन बसले. म्हटलं, "कधीपासून?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. बराच वेळ त्यांनी इस्त्रीची घडी नीट केली. "प्रेसच्या धडधडीने कान थोडे आधीच नेले होते. उरलेले गेल्या दिवाळीच्या सुमारास गेले. तोंड बघून भागवत होतो. तुमचं कळतं, शैलाचं कळतं. पगारेसरांच्या मिशा आड येतात."

"मग सांगायचं नाही का?" सर ओरडले.

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंत? गाण्याच्या बैठकीत बहिऱ्याचं काय काम? आठवड्यात मला हा एक रविवार आहे, सर. बाकीचे सगळे वार सारखेच आहेत."

पगारेसर मिशीवरून हात फिरवत बसले. शेवटी शैलाच म्हणाली, "म्हणजे माझ्या अल्बमला मागच्या महिन्यात तासभर शिव्या घातल्या, त्या न ऐकता?"

"तुझा अल्बम ऐकावा लागत नाही," भाऊ म्हणाले, आणि मग सगळे हसलो. नाहीतर त्या दिवशी चौघंही रडलो असतो.

आम्ही त्यांना धरून नेलं आणि कानाचं यंत्र बसवून आणलं. रविवारी थाटात भीमगीतं लावली. भाऊंनी क्षणभर ऐकलं आणि तोंड असं केलं, जणू कारलं चावलं. "पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय कुणीतरी." यंत्रवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, हे मुख्यतः बोलणं ऐकायला असतं, गाणं त्यात तसं राहत नाही. भाऊ घरी आले आणि यंत्र काढून माझ्या स्टीलच्या वाटीत ठेवलं. "ताई, हे घातलं की तुम्ही ऐकू येता आणि गाणं मरतं. काढलं की गाणं डोक्यात जसंच्या तसं आहे, पण तुम्ही मरता."

मग त्यांनीच तोड काढली. गाणी वाजायला लागली की यंत्र वाटीत. ते डोळे मिटून आपली कॅसेट डोक्यात वाजवायचे. संपलं की मी त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, यंत्र कानात, आणि भांडण सुरू. "अर्धी मजा भांडणातच होती," म्हणायचे. जुन्या अल्बमचं भागलं. पण जे कधी ऐकलेलंच नाही त्याचं काय? डोक्यात नवीन कॅसेट कुठून येणार?

शैलाने एका नव्या गायिकेचा अल्बम आणला तेव्हा ही वेळ आली. तो संपेपर्यंत भाऊ आमच्याकडे बघत बसले, लग्नात न वाढलेल्या पंगतीसारखे. मग यंत्र घालून म्हणाले, "सांगा. 'छान आहे' म्हणाल तर उठून जाईन."

शैलाने डोकं खाजवलं. "ती बाई वर जाते ना, तेव्हा असं वाटतं की दूध उतू जातंय. आणि ऐन वेळी धावत येऊन गॅस बंद करते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग कच्ची आहे. एकदा तरी उतू जाऊ द्यायचं." भाऊंनी डोळे मिटले. "अजून सांग. मागे काय वाजतंय?"

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून त्यांना आख्खा अल्बम सांगितला. सरांनी कागदावर रेघा ओढून चाल दाखवली. आणि पूर्वा, खरं सांगते, तो अल्बम मीही तेव्हाच नीट ऐकला. कुणाला सांगायचं आहे म्हटलं की कान वेगळेच होतात.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना मनमाडला घेऊन गेला. रेल्वेत आहे, क्वार्टर मोठं आहे, सून गुणी आहे. भाऊंना फोनवर ऐकू येत नाही, यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून ते आम्हाला बोलणं भरून पाठवतात. हा काल आलेला. म्हणतात, "मंदाताई, इथे सगळे मला जपतात आणि कुणी भांडत नाही. सुनेला विचारलं काय ऐकतेस, तर म्हणाली, बाबा, तुम्हाला त्रास होईल. मला म्हातारा केलंय या लोकांनी. तुम्ही तिघं पुढच्या रविवारी येताय ते ठीक आहे, पण तुम्ही सांगाल ती सगळी गाणी मला पाठ आहेत. तुमची ती भाची, ती हल्लीची पोरं ऐकतात ते ऐकते ना? तिला घेऊन या."

आता मला सांग, तुझ्या फोनमध्ये जे धडधडतं ते मी त्या माणसाला कसं सांगू? मला त्यातला शब्दसुद्धा कळत नाही. तुला सांगावं लागेल, समोर बसून, हळू आणि तोंड उघडून. तुझ्या आवडत्या अल्बमला ते नावं ठेवतील, तू उलट ठेव, त्यांना तेच हवंय. शनिवारीच मुक्कामाला ये, सकाळची मनमाडची गाडी सापडते. बटाट्याची भाजी मी करते. पुढच्या सुट्टीला बघू असं म्हणू नकोस, राणी. लवकर ये.