स्क्रीनवरचं ‘झालं’

टेंभुर्णीच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी गाढे साहेबांच्या केबिनमध्येच होतो. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचे ते मॅनेजर, मी तिथला कॉम्प्युटरवाला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. “साहेब, तो लॉट उगवून न्हाई राह्यला. लोक दुकानात येऊन बसलेत.”

तो लॉट उगवण चाचणीत नापास झाला होता. असं झालं की सगळ्या दुकानांना ‘विक्री थांबवा’ असा फॅक्स जायचा. ऑपरेटर वंदनाताई वेब पेजवर लॉट नंबर टाकून बटन दाबायच्या. मग कोपऱ्यातल्या सर्व्हरवर माझी स्क्रिप्ट चालायची आणि मोडेम एकेका दुकानाला फॅक्स करत जायचा.

आधी शेवटचा फॅक्स जाईपर्यंत ते पेज अडकून राहायचं. वंदनाताई तोवर जागेवरून उठायच्या नाहीत. साहेब मला म्हणाले, “हे जल्दी कर बाबा. बाईचा अर्धा दिवस यातच चाललाय.”

मी स्क्रिप्ट चालवणाऱ्या कमांडच्या शेवटी & हे चिन्ह टाकलं. म्हणजे, तू मागे चालू राहा, मी थांबत नाही. तरी पेज सुटेना, कारण कमांड काय बोलते ते ऐकायला ते थांबत होतं. मग तिचं सगळं बोलणं मी ‘डेव्ह नल’कडे वळवलं. लिनक्समधली ही अशी जागा, की तिथे टाकलेलं पुन्हा दिसत नाही. चूक झाल्याचे मेसेजसुद्धा. आता पेज लगेच परत आलं. त्यावर काहीतरी लिहायला हवं म्हणून मी लिहिलं, ‘झालं’. साहेब खूश.

तेव्हा लोडशेडिंग असायचं. लाइट गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर. काम झालं की सर्व्हर बंद करून बॅटरी वाचवायची, हा ऑफिसचा नियम. भिंतीवर तो मीच चिकटवला होता.

तो लॉट नापास झाला त्या दिवशी लाइट नव्हती. वंदनाताईंनी बटन दाबलं, ‘झालं’ वाचलं, सर्व्हर बंद केला. मागे चाललेलं काम तिथेच मेलं. अंबड, बदनापूरला फॅक्स गेले. यादीच्या शेवटी असलेल्या टेंभुर्णीला गेला नाही.

फोन ठेवून साहेबांनी वंदनाताईंना केबिनमध्ये बोलावलं.

“सर्व्हर कोणी बंद केल्ता?”

“मी, साहेब. स्क्रीनवर झालं आल्तं.”

“झालं आल्तं, मंग टेंभुर्णीचा फॅक्स काय मोडेमनं खाल्ला?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. “तुझ्या प्रोग्रॅमात काही गडबड?”

“प्रोग्रॅम बराबर आहे,” मी म्हणालो. “सर्व्हर बंद करायला नको होता.”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताईंची नोकरी गेली. घरात पगार तेवढा एकच होता, हे मला माहीत होतं.

डबा पिशवीत घालताना त्यांनी हळूच विचारलं, “सर, झालं असंच लिहिल्तं ना?”

“हो. तसंच होतं.”

“मंग ठीक आहे. मला वाटलं, मलाच नीट वाचता आलं न्हाई.”

केबिनचं दार उघडंच होतं. मी आत गेलो नाही.

कंपनीनं बियाणं बदलून दिलं. लोकांची पेरणी मागे पडली ती पडलीच. मी त्याच संध्याकाळी पेजवरचा मजकूर बदलला: ‘काम सुरू केलं आहे. संपेपर्यंत सर्व्हर बंद करू नका.’ कमांडचं बोलणंही आता एका फाइलीत साठवायला लागलो. का बदललं, ते कुणाला सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी जालन्यातच, मस्तगड भागात झेरॉक्स काढायला एका दुकानात शिरलो, तर मशीनमागे वंदनाताई. दुकान त्यांचंच. केस पांढरे झालेले. त्यांनी स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा येण्याआधीच मी सगळं बोलून टाकलं.

त्या कागद सारखे करत राहिल्या. “माहीत होतं, सर. माझ्या जागी आलेली पोरगी आमच्याच गल्लीतली. पेजवरचं बदललंय, हे तिनंच सांगितलं.”

“मग तुम्ही साहेबांकडे का नाही आलात?”

“मला वाटलं, तुम्हीच सांगाल, मंग साहेबांचा फोन येईल. घरची पोरं खेळायला बोलवायची, तरी महिनाभर फोनजवळून हालले न्हाई.” मग माझ्याकडे कप सरकवत म्हणाल्या, “घ्या. गार होऊन राह्यला.”

नवीन मुलांना शिकवताना मी एवढंच सांगतो. मागे सोडून दिलेलं काम संपलं की नाही, हे आपण उठून बघायचं असतं. ते आपणहून सांगायला येत नाही.