प्लोसेची आई

आमच्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात प्लोसेची आई सोळा वर्षं भात शिजवत होती. बालवाडी आमच्या बायकांच्या संघटनेची, तांदूळ परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचा, आणि चूल, पळी नि आरडाओरडा तिचा. निर्वासितांच्या आमच्या छावणीत नवीन आलेलं माणूस पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकायचं. नळाला पाणी किती वाजता येतं ही एक, आणि प्लोसेच्या आईने वाढलेलं पानात टाकायचं नाही ही दुसरी. एखाद्या पोराने पिवळी डाळ तशीच ठेवली की ती म्हणायची, "राहू दे, राहू दे. उद्या तुझ्या बापाला बोलावते, तो येऊन चाटेल." पोरगं निमूटपणे डाळ संपवायचं.

मी त्याच संघटनेत थरामू, म्हणजे मास्तरीण. बायकांना लिहायला शिकवते, त्यांचे अर्ज भरते, त्यांच्या नवऱ्यांशी भांडते. माझं डोकं लवकर तापतं. हे मीच सांगून टाकते, नाहीतर दुसरं कुणी सांगेलच. पण कागद भरण्यात लेमू थरामूचा हात धरणारं कुणी नाही, असा माझा लौकिक होता. चूक केली ती एकदाच, आणि ती नेमकी हिच्या कागदात.

आमच्यात बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. मग ती जन्मभर त्या मुलाची आई. तिचं मूळ नाव मूयू आहे, हे मला कागद भरतानाच कळलं. त्या नावाने हाक मारणारी तिची आई कधीच वारली होती.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. मूल जन्मलं की त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून आम्ही एका झाडाला बांधतो. ते झाड त्या मुलाचं. त्याला कुऱ्हाड लावायची नाही, कारण मुलाचा जीव त्या झाडापाशी असतो. छावणीतली झाडं वनखात्याची, त्यांना हात लावायला बंदी. तरी प्लोसेच्या आईने बालवाडीमागचा फणस पटकावला होता. सुइणी तिच्याकडे नळकांडं आणून द्यायच्या आणि ती झोळीत लपवून नेऊन बांधायची. एकदा पहारेकऱ्याने तिला पकडलंच.

"हे काय लटकवलंय?"

"मुंग्यांसाठी औषध."

"एवढं?"

"मुंग्या किती आहेत ते बघा की साहेब. या, वर चढा."

तो चढला नाही. त्या फणसावर शेकडो पोरांच्या नाळा आहेत, त्यातली एक माझ्या मुलीची.

तिच्या प्लोसेचं झाड मात्र सीमेवरच्या नदीपलीकडे, दोन डोंगर ओलांडून, गावात होतं. गावावर सैन्य आलं, घरं जाळली, धान्याची कोठारं जाळली. तिच्या नवऱ्याला ओझी वाहायला नेलं, तो परत आला नाही. सहा वर्षांच्या प्लोसेला आणि चार वर्षांच्या बीलारला घेऊन ती रानात शिरली. बाराव्या दिवशी प्लोसेला ताप भरला आणि दोन दिवसांत तो गेला. हे मला बीलारने सांगितलं. आईच्या तोंडून ‘गेला’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. प्लोसे कुठे आहे असं कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, "गावात आहे." म्हणजे त्याच्या झाडापाशी. आमच्या माणसांना ते उलगडून सांगावं लागत नसे.

मग मोठी नोंदणी आली. मी बावीस वर्षांची, समोर मैलभर लांब रांग, आणि सगळा शहाणपणा आपल्यालाच आहे अशी माझी समजूत. तिची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

मी दोन लिहिली. प्लोसे, वय एकोणीस. बीलार, वय सतरा. मुलं किती म्हटलं की आमची बाई जन्म दिलेली सगळी मुलं सांगते, त्यात वजाबाकी करत नाही. गेलेल्यांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता. तो नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तिच्यासमोर त्याला गाळून पुढे जायला माझा हात धजावला नाही, आणि मला वाटलं, कागदच आहे, कोण वाचत बसणार आहे.

वाचणारे निघाले. तीन वर्षांनी बीलारचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या घरच्यांबरोबर अमेरिकेला गेली, जिथे हिवाळ्यात नदीवरून चालत जाता येतं म्हणे. पाठोपाठ आईलाही तिकडे पाठवायची फाइल लागली. मुलाखतीला एक परदेशी बाई बसल्या होत्या, शेजारी आपलाच एक दुभाषा.

"पहिला मुलगा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"गावात."

"त्याला शेवटचं कधी भेटलात?"

"तो कुठे जातोय? तिथेच आहे."

दुभाष्याने जसंच्या तसं सांगितलं, त्याला पदरचं घालायची मुभा नसते. म्हणजे कागदावर झालं ते असं: तेवीस वर्षांचा तरणा मुलगा, सीमेपलीकडे, लढाईच्या मुलखात, आणि आई त्याच्याबद्दल सरळ बोलत नाही. त्याच्या हातात बंदूक आहे का, असा संशय बाईंना आला, तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. फाइल अडकली ती तीन वर्षं.

तेवढ्यात बीलारला मुलगी झाली. आजीने नात पाहिली ती माझ्या फोनच्या काचेवर. आईला आम्ही मो म्हणतो. तिकडून बीलार दर वेळी तेच म्हणायची, "थरामू, मोला पाठव गं. ही मला विचारते, आजी चपटी का आहे?" हे ऐकून प्लोसेची आई खो-खो हसायची आणि मग दुपारभर पातेली घासत बसायची.

शेवटी दुसऱ्या मुलाखतीचं पत्र आलं. या वेळी उत्तरं जुळली नाहीत तर फाइल बंद, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी तिला चुलीपुढे बसवलं, स्वतः तांदळाच्या पोत्यावर बसले आणि मुलाखतवाल्या बाई झाले.

"नाव काय?"

"प्लोसेची आई."

"स्वतःचं सांगायचं."

"तूच लिहिलंयस, तुलाच ठाऊक."

"मूयू."

"मूयू," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "कुणाची तरी शेंबडी पोर वाटते."

"हसू नका. मुलं किती?"

"दोन."

"पहिला कुठे आहे?"

"गावात."

मी पळी आपटली. "किती वेळा घोकून घेऊ? गेला म्हणायचं. केव्हा गेला, कशाने गेला, कुठे पुरला. एवढं सांगितलं की सुटलात."

"तुला एवढी घाई आहे तर तूच जाऊन सांग."

"मी सांगून काय उपयोग?"

ती पातेल्याच्या बुडाची खरवड काढत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थरामू, मी आई. मीच तोंडाने तसं म्हटलं, तर त्या झाडापाशी मग कोण राहिलं?"

माझं डोकं तापलं. तापलं की मी लागेल असं बोलते. "आणि नात? तिच्यापाशी कोण आहे?"

बोलले आणि माझीच मला लाज वाटली. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मुलांना हात धुवायला नेलं.

मुलाखतीच्या दिवशी ती स्वतः विणलेला लाल झगा घालून आली. मला आत जाता येत नव्हतं, पण भिंती बांबूच्या, त्यांच्याआड काही लपत नाही. मी पागोळीखाली उकिडवी बसले. नाव, वय, गाव, सगळं नीट झालं. मुलं किती, दोन. पहिला कुठे आहे?

समोर एक कोंबडी पिल्लांना घेऊन माती उकरत होती. मी ती पिल्लं दोनदा मोजली.

"मेला," तिचा आवाज आला. "सहा वर्षांचा होता. ताप आला. ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरलाय. मी हातांनीच उकरलं, कोयता घाईत घरी राहिला होता."

बाईंनी दुभाष्याला थांबवलं आणि तिला पाणी दिलं, तेही मला ऐकू आलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. चल, डाळ भिजत घालायची राहिलीय."

पुढच्या महिन्यात मंजुरी आली. छावणीभर आनंद, मला मात्र तो होईना. कारण मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसापासून ‘प्लोसेची आई’ अशी हाक मारली की ती वळून बघत नव्हती. पोरांनी मारली, सुइणींनी मारली, मी मारली. ती शांतपणे म्हणायची, "मूयू म्हणा. कागदावर तेच आहे." बाकीच्यांना ती थट्टा वाटली. निघायची तारीख आली तेव्हा न राहवून मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं. त्या वेळी मी दोन लिहायला नको होती."

ती झोळी भरत होती. वाळवलेल्या मिरच्या, विणायची काठी, फणसाच्या आठळ्या. "तेव्हा लिहिलंस ते बरोबरच होतं," ती म्हणाली. तिने झोळीची गाठ आवळली.

बसपाशी यादी वाचायला एक तरुण अधिकारी उभा होता. त्याने पुकारलं, "मूयू." कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. ती तिथेच होती, आपल्या बोचक्यावर बसलेली, तोंड बालवाडीकडे. दोन महिने त्या नावाचा हट्ट धरलेली बाई ते नाव ऐकतच नव्हती. अधिकाऱ्याने पेन काढलं आणि यादीवर टेकवलं. तेव्हा मी होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"ए प्लोसेची आई."

ती इतक्या झटक्यात उठली की बोचकं घरंगळत बसखाली गेलं. रांगेतली सगळी माणसं हसली. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तर आधीच रडत होते.

"तिकडे अशी हाक मारणारं कोण आहे, थरामू?" तिने माझा दंड घट्ट धरला होता. "बीलार मो म्हणणार. तिकडचे लोक मूयू म्हणणार."

"मी मारीन. दर रविवारी, फोनवर."

"विसरशील."

"मी एकदाच चुकते."

तिने नाक पुसलं. "फणसाकडे बघ. नळकांडी उंच बांध, नाहीतर पोरं ओढतात." आणि ती बसमध्ये चढली.

पहिल्या रविवारी मी सकाळीच फोन लावला, तिकडे शनिवारची संध्याकाळ. फोन नातीने उचलला, तीन वर्षांची, आपली भाषा अडखळत बोलणारी. मी विचारलं, "प्लोसेची आई आहे का गं?"

"अशी कुणी नाही इथे," ती ठणकावून म्हणाली.

तेवढ्यात मागून पातेल्यावर झाकण आदळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून सोळा वर्षं आमच्या बालवाडीची कौलं नसलेली छपरं हलवणारा तो आवाज.

"आहे म्हणावं. भात उतरवून आले."