कट्ट्यावरची मराठी

गुलबर्ग्यात मला कुणी कन्नड बोलूच दिलं नाही. खोटं वाटेल, पण माझी नोकरी जायची वेळ आली ती लोकांच्या चांगुलपणामुळं.

मी सीमेवरच्या कोहिनूर गावची. राज्य म्हैसूरचं, पण घरात, शाळेत, रानात सगळी मराठीच. आमच्यासाठी गुलबर्गा म्हणजे परमुलूखच की! तिथल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा हुकमात एक अट होती. कन्नडची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही. लेखी पेपर मी घोकून मारला. तोंडी परीक्षेत मात्र दोनदा नापास झाले. समोरच्यानं काही विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. तिसरी खेप शेवटची होती. ती गेली की गावी परत जायचं, आणि आईच्या शेजारी पाटलाच्या रानात खुरपं घेऊन बसायचं. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच. त्या खुरप्याच्या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

सरकारी नोकरांसाठी संध्याकाळी एका शाळेत कन्नडचा वर्ग भरायचा. पहिलीच्या पोरांचे बाक होते. त्यात गुडघे कोंबून आम्ही दहा-बारा घोडे बसायचो. मास्तर कन्नडात सांगायचे, आम्ही दखनीत, म्हणजे तिकडच्या उर्दूत, शंका विचारायचो, आणि मास्तर बिचारे आमच्या तोंडाकडं बघून दखनीतच समजावायचे. सगळ्यांशी ओळख झाली, चहापाणी झालं, हसणं-खिदळणं झालं. सगळं दखनीत. कन्नड मेलं फळ्यावरच राहिलं.

बाजारात तीच गत. खोलीवरून निघताना वाक्य पाठ करून जायची. भाजीवालीसमोर निम्मं बोलते न बोलते तोच ती म्हणायची, "ताई, वांगी घ्या की, आत्ताच आणल्यात." अगं बाई, बोलू दे ना मला! पण भांडायचं कुणाशी? माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं, ही तिकडची म्हणून.

माझ्या खोलीशेजारी एक घर होतं. तिथली सून माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. तिचं माहेर उदगीरकडं. लग्न होऊन कन्नड घरात आली होती, भाषा शिकली होती, पण कामापुरतीच बोलायची. सासूपुढं हूं, व्हय, झालं. संध्याकाळी मी वर्गाहून आले की ती कट्ट्यावर येऊन बसायची आणि तिची मराठी सुरू व्हायची. काय ती बोलायची! सासू तिथंच सुपात तूरडाळ निवडत असायची. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिच्या नाकासमोर अक्का हसत हसत सांगायची, "आज म्हातारीनं पुन्हा मुकी गाय म्हटलं बघ. मूल न्हाई म्हणून दुसरीचं बघायलेत म्हणं. मी कुठं जाऊ गं?" सासूला वाटायचं भाजीचं चाललंय. मी पण हसल्यासारखं करायची.

शेवटच्या परीक्षेला सहा महिने उरले तेव्हा मीच तिला म्हणाले, "अक्का, आजपासून माझ्याशी मराठीत बोलू नको. मी कितीबी गयावया केली तरी नको."

ती म्हणाली, "कामून गं? मला तुझ्याशिवाय कोण हाय बोलायला?"

"माझी नोकरी जायलीय, अक्का."

मला तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं. अडला हरी म्हणतात ना, तसं झालेलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर गेले तर म्हणाली, "बा, कुंद्रु." म्हणजे ये, बस.

मग सहा महिने कन्नडच. मी तोडकंमोडकं बोलायची, ती सुधारायची. पण आता म्हातारीला सगळं कळत होतं. त्यामुळं अक्का डाळीवर बोलायची, ऊन किती कडक पडलंय ते बोलायची, सासूबाईंच्या हाताला कशी चव आहे ते बोलायची. म्हातारी सूप बाजूला सारून आमच्यात सामील व्हायला लागली. तिला भारी गंमत वाटायची. माझ्या चुकांवर ती खदखदा हसायची आणि शेजारणींना बोलवून दाखवायची. खरं सांगते, जिभेला वळण लावलं ते म्हातारीनंच. अक्का दिवसेंदिवस कमी बोलत गेली. माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. मी मनाला म्हणायची, परीक्षा होऊ दे, मग बसू पोटभर बोलत.

तोंडी परीक्षेला साहेबांनी घरच्यांविषयी विचारलं, शेजाऱ्यांविषयी विचारलं. मी धडाधडा बोलले. निकाल कळला तशी दवाखान्यातून पळतच कट्ट्यावर आले आणि ओरडले, "अक्का, पास झाले गं! सुटले मी! आता बोल, काय काय साठलंय तुझं?"

अक्का उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात म्हातारी आतून आली. ती रागावलेली नव्हती, उलट खुशीत होती. कन्नडात म्हणाली, "आता दोघींनाही येतंय, मग ती परकी बोली कशाला? इतक्या वर्षांत माझी सून या सहा महिन्यांतच माणसात आली. तिला परत मुकी करू नकोस बाई." आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मी अक्काकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "भाळ चोलो आतु." फार छान झालं.

मी तो गूळ तोंडात टाकला. मराठीत बोलावं तर घर म्हातारीचं, कन्नडात बोलावं तर तिला सगळं कळणार. महिन्याभरात माझी बदली कडगंची गावच्या दवाखान्याला झाली. निघताना अक्का बसपर्यंत आली. सासूही आली, शेजारणीही आल्या. मी कन्नडात विचारलं, अक्का, बरी आहेस ना? ती कन्नडात म्हणाली, बरी आहे, मला काय धाड भरलीय! सगळ्या हसल्या, आणि बस सुटेपर्यंत मीही त्यांच्यात हसत राहिले.