पंधरा रुपयांचा भोपळा

घरात तांबडा भोपळा चिरायला घेतला की ती घटना आजही आठवते, आणि मी उठून ओसरीवर जाऊन बसतो.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. रेडीच्या अलीकडच्या एका ठाण्यावर मी फौजदार म्हणून नवा आलो होतो. हद्दीपलीकडून घड्याळं, सोनं, ब्लेडची पाकिटं येत. माशांच्या टोपलीत, नारळाच्या पोत्यात, एकदा तर पोटुशी दिसणाऱ्या बाईच्या लुगड्याखाली मी माल पकडला होता. त्यामुळे दिसेल त्याच्यावर संशय घ्यायची सवयच जडली होती. मी घाटावरचा. इथल्या चालीरीती ठाऊक नव्हत्या, आणि कुणाला विचारणं मला कमीपणाचं वाटे.

एकदा गस्तीवर असताना चर्चसमोरच्या एका पडवीतून हाक आली. होडी ओढताना पाय चिरडलेला एक हिंदू मच्छीमार तिथे दिवसभर बसून असे. बेळगावच्या डॉक्टरांनी पाय कापणं टाळलं होतं, पण उपचार वर्षभर चालणार होते. त्यासाठी मुंबईचा चुलतभाऊ दरमहा मनिऑर्डर पाठवतो, असं तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं खबर दिली. दर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात लोकांनी आणलेल्या फळाभाज्यांचा लिलाव होतो. शेवटी एक भोपळा येतो. तो घेणारा नेहमी एकच, जहाजावरून निवृत्त झालेला एक ख्रिस्ती खलाशी.

"सायबानू, चार आण्यांच्या भोपळ्याक पंधरा रुपये कोण देता? भायल्यान आत काय तरी भरलेला आसा. बक्षीस गावला तर माझ्या भावाचे उपकार फेडतलंय."

दोन रविवार मी साध्या वेषात एक शिपाई पाठवला. तो सांगत आला की म्हातारा स्वतःच्याच बोलीवर स्वतः चढवतो. दहा म्हणतो, कुणी बोलत नाही, तरी बारा म्हणतो. असलं वेड मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. माझी खात्री पटली.

तिसऱ्या रविवारी पंच घेऊन गेलो आणि बायकामाणसांच्या देखत तो भोपळा कापला. आत बिया निघाल्या. तुकडे करून करून मी अंगण पिवळं केलं, तरी बियाच. फादर वाकून तुकडे टोपलीत भरू लागले. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण माझा संशय हटेना. खलाशाला ठाण्यावर आणून दोन तास बसवला. एवढी किंमत का देतोस, याला त्याचं एकच उत्तर होतं.

"माका भोपळो आवाडता."

कोठडीची धमकी दिली, तरी तेच. शेवटी शिपाई पाठवून त्याच्या घराची झडती घेतली. ट्रंकेत मुंबईला पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्यांचा गठ्ठा सापडला, तो त्यांनी ठाण्यावर आणला. मालाचे पैसे कुठे जातात ते सापडलं, असं वाटून मी नाव वाचलं आणि चमकलो. आडनाव माझ्या खबऱ्याचं होतं. म्हणजे खबऱ्याच टोळीतला, आणि वाटणीवरून फाटल्यामुळे खबर देतोय! पडवीतल्या त्या माणसाला उचलून आणा, असं मी शिपायाला फर्मावलं.

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा खुर्चीतून उठला. त्यानं माझा हात धरला.

"तेका बोलवू नकात, सायबानू. आमी तांदूळ दिले, ते परत आणून टाकल्यान. हे पैसे खंयचे ता कळला तर औशद सोडतलो. मगे पाय जातलो."

मग सगळं उलगडलं. लिलावाचे पैसे गरजूसाठी असत, आणि त्या वर्षी गरजू होता समोरच्या पडवीतला. पैसे मुंबईला जात आणि चुलतभाऊ ते स्वतःच्या नावानं परत पाठवी. महिन्याच्या उपचाराला जे कमी पडे, ते म्हातारा शेवटच्या भोपळ्यावर चढवी. फादर, चुलतभाऊ आणि तो, या तिघांनाच हे ठाऊक होतं. आता मी चौथा झालो.

मला स्वतःची लाज वाटली. लुबाडणारा माणूस तोंड लपवतो हे मी शिकलो होतो. देणाराही लपवतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'संशयास्पद काही आढळले नाही,' आणि पावत्या त्याला परत दिल्या.

पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत लिलावाला गेलो. भोपळ्यावर बोली लावली. म्हाताऱ्यानं मला मुद्दाम चढवत चढवत अठरा रुपयांपर्यंत नेलं आणि मग हसून हात जोडले. भोपळा घेऊन निघालो, तर पडवीतून खबऱ्या माझ्याकडे बघत होता. "सायबानू, तुमीपण?" एवढंच तो बोलला. मी मान खाली घालून पुढे गेलो. माझी बदली होईपर्यंत जमेल त्या रविवारी मी जात राहिलो.

वर्षभरानं खबऱ्याचा पाय बरा झाला. स्वतःच्या पायांनी तो पहिल्यांदा गावाबाहेर पडला, तो थेट माझ्या वरिष्ठांकडे गेला आणि फौजदार तस्करांना सामील असल्याचा लेखी अर्ज देऊन आला. तो पाच मैल चालत गेला, हे ऐकून मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

अर्जावर माझा खुलासा मागवण्यात आला. चार आण्यांच्या भोपळ्याला अठरा रुपये का दिले, असं त्यात विचारलं होतं. मी एका ओळीत उत्तर पाठवलं, 'मला भोपळा आवडतो.'