गंजाची जाडी

सकाळपासून आभाळ ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. गॅरेजपुढच्या गाड्या दवाने घामेजल्या होत्या, आणि दमट हवा म्हणजे गंजाला मेजवानी, म्हणून ठोक्याचं डोकं उठल्यापासून तापलेलं. फळकुटावर बसून तो एका जुन्या गाडीच्या काढलेल्या दाराची खालची कड छिन्नीने खरवडत होता. पोपडा पडला की गाडीच्या मालकाचा उद्धार, पुन्हा पोपडा, पुन्हा उद्धार.

तीस वर्षं तो गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करतोय. गंजावर पुट्टी थापून रंग मारायचं पाप त्याच्या हातून एकदाही झालेलं नाही, आणि म्हणूनच निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या गॅरेजात जातात. समोरचा असा हात फिरवतो की चाळण झालेलं दार नवरीसारखं दिसतं, सहा महिने. त्याच्याबद्दल ठोक्या बोलत नाही. नुसता थुंकतो.

मुलगा दूर नोकरीला, घरात सूनबाई. ती संग्रहालयात काचेची कपाटं पुसते आणि वस्तूंखालची कार्डं लिहिते. अक्षर मोत्यासारखं. पाच वर्षं हंगामी म्हणून राबली, आणि तिला कायम करायची फाइल या महिन्यात कुठे हलली होती. सासरे-सून रोज जेवताना त्या फाइलीचंच बोलायचे.

त्या दुपारी सूनबाई एका तज्ज्ञाला घेऊन आली. जन्मात कधी धनुष्य ओढलेलं नाही, हे त्याच्या मनगटांकडे बघूनच कळत होतं. गाडीतून उतरायलाही ड्रायव्हरने दार उघडायची वाट बघत बसला. पण प्राचीन धनुष्यांचा जोर किती, यावर शेवटचा शब्द याचाच. जमिनीत सापडलेल्या चिलखताच्या एका तुकड्याला बाणाचं भोक होतं. याने तुकड्याची जाडी मोजली, चार मिलीमीटर. एवढं लोखंड भेदायचं तर धनुष्याची ओढ शंभर किलोची हवी, असं गणित मांडून याने पुस्तक लिहिलं. येत्या शनिवारी बड्या पाहुण्यांपुढे प्रयोग करून दाखवायचा होता.

आता अडचण अशी की नव्या चार मिलीमीटरच्या पत्र्यावर एक पहिलवान धनुर्धर तीन दिवस साठ किलो ओढीच्या धनुष्याने बाण मारत होता, आणि पत्र्याला नुसत्या खळ्या पडत होत्या. बाण मात्र जळणाच्या लायकीचे झाले. आजची माणसं दुबळी, असं तज्ज्ञाने स्पष्टीकरण दिलं.

काम साधं होतं. बरोबर आणलेला तो नवा पत्रा मधोमध मागून तळहाताएवढा घासून पातळ करायचा आणि पुढून रंग जुन्यासारखा द्यायचा. रंगाचा नमुना म्हणून मूळ तुकडाच कापसाच्या डबीत घालून आणला होता.

ठोक्याने तुकडा उजेडात धरला, त्याची कड बघितली आणि सकाळचं दार ओढून पुढे केलं. जाडी मोजायचं व्हर्नियर तज्ज्ञाच्या हातात दिलं. खालची कड मोजा म्हणाला. तज्ज्ञाने मोजली, तीन मिलीमीटर भरली. मग वरची, रंगाखालची चांगली कड मोजायला लावली. ती पाऊणच निघाली.

"एकाच दाराचा पत्रा आहे, साहेब. लोखंड गंजलं की फुगतं. तुमचं चिलखत नवं असताना दीड मिलीमीटरसुद्धा नसेल. तुम्ही लोखंड नाही, गंज मोजलाय."

वर त्याने असंही सुचवलं की सव्वा-दीडचा चोख पत्रा आपण करून देतो, तुमचा पहिलवान तो कसलीही लबाडी न करता फोडेल.

तज्ज्ञ वैतागला. "मग ते धनुष्य साध्या माणसाचं ठरेल."

"साधीच माणसं होती ती. पोटापाण्यासाठी बाण मारत होती."

यावर तज्ज्ञाने खिशातून रुमाल काढला, बोटांना लागलेला गंज पुसला आणि सूनबाईकडे न बघता हळूच म्हणाला, की कायम करायची ती फाइल आपल्याच टेबलावर आहे, सोमवारी सही करायचा विचार होता.

ठोक्या उठला. चष्मा चढवला, ग्राइंडर उचलला. सुरू करण्याआधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले. तीस वर्षांत कधी पुसले नव्हते.

सूनबाईने भिंतीतली ग्राइंडरची पिन उपटली.

"ठेवा ते, बाबा. चार मिलीमीटर हे कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलंय. गंजासकट मोजायचं का, हे तेव्हाच विचारणार होते आणि गप्प बसले. तेवढं पुरे झालं."

तज्ज्ञाने पत्रा उचलायला ड्रायव्हरला बोलावलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजात गेला. तिथे चहा पिता पिता काम झालं.

शनिवारी पहिलवानाने तेच साठ किलोचं धनुष्य शंभरचं म्हणून ओढलं आणि बाण पत्र्यातून आरपार गेला, मागची फळी फोडून पडद्यात रुतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्याने जरा जास्तच घासलं होतं, पण तज्ज्ञाने तिथल्या तिथे जाहीर केलं की आपला अंदाज कमी पडला, प्राचीन धनुष्याची ओढ सव्वाशे किलोची असली पाहिजे. इतिहासात पंचवीस किलोंची भर पडली ती अशी.

सोमवारी फाइल सहीविना परत आली. सूनबाईला सव्वाशे किलोचं नवं कार्ड लिहायला सांगितलं. तिने नाही म्हटलं, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं, तेही वेड्यावाकड्या अक्षरात. ती तशीच गॅरेजात आली आणि उभ्या उभ्या हे सगळं सांगून टाकलं. हंगामी ती हंगामीच राहिली.

ठोक्याने तिची समजूत काढली नाही. त्याला ते येतही नाही. "आता किती म्हणाला?" एवढंच विचारलं.

"सव्वाशे."

"अजून वीस वर्षं गंजू दे त्याला, दोनशेवर जाईल."

ती हसली, मग ओढणीने नाक पुसलं.

"दार धर जरा. हलतंय," तो म्हणाला, आणि तिने दोन्ही हातांनी दार धरल्यावर खालच्या कडेला छिन्नी लावली.